गालावरची चार बोटं

भिंगरीच्या आईचे दोन गाल एकाच बाईचे आहेत, यावर नवख्या माणसाचा चटकन विश्वास बसत नसे. आई शहरातली बस चालवायची. अठरा वर्षं एकाच बाजूच्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि एकाच गालावर ठाण मांडून बसायचं. म्हणून दाराकडचा गाल अजून गुळगुळीत, आणि खिडकीकडच्या गालावर डोळ्याच्या कोपऱ्यापासून थेट जबड्यापर्यंत सुरकुत्यांचं जाळं, शिवाय मधेमधे बारीक तपकिरी ठिपके.

“दारातून चढलात तर मी भिंगरीची ताई,” आई प्रवाशांना सांगायची, “आणि खिडकीतून डोकावलात तर आजी. एका तिकिटात दोन बायका बघून घ्या!”

सगळे खो खो हसायचे. भिंगरीसुद्धा. पण यंदा डेपोतून नवं ओळखपत्र आलं. फोटो अगदी समोरून काढलेला. आईने तो हातात धरला, अंगठ्याने अर्धा चेहरा झाकला, मग उरलेला अर्धा झाकला, आणि एक शब्द न बोलता ओळखपत्र पर्समध्ये सरकवलं. आई गप्प, आणि विनोद नाही? भिंगरीने ते बघून ठेवलं.

आता ही भिंगरी म्हणजे नववीतली एक काडी. एका जागी बूड टेकत नाही म्हणून घरात भिंगरी. शाळेत मात्र गेल्या वर्षापर्यंत ती मुकीच समजली जायची. शेवटचा बाक, खाली मान, आणि हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायची तेही स्वतःच्या कॉलरला. मग एके दिवशी विज्ञानाच्या तासाला तिच्या तोंडून चुकून उत्तर निसटलं, चांगलं मोठ्याने, आणि ते चक्क बरोबर निघालं! अख्खा वर्ग मागे वळून बघायला लागला. त्या दिवसापासून तिचं तोंड जे सुरू झालं ते थांबेचना. बाबा घड्याळजी, ते म्हणायचे, “किल्ली मी दिलेली नाही बरं का. पण चालू छान आहे.”

तर विज्ञान प्रदर्शनात कोण काय करणार असं बाईंनी विचारलं, तेव्हा सगळ्यांत आधी भिंगरी उभी राहिली.

“बाई, झाडं दिवसभर उन्हात उभी असतात. ना छत्री, ना टोपी. तरी ती करपत नाहीत, कारण त्यांनी आपली सोय स्वतःच करून ठेवलेली असते. पानात, सालीत. ती सोय मी काढून घेणार आणि माणसाच्या गालाला लावणार. उन्हाने कातडी म्हातारी होऊ नये म्हणून!”

“कोणाच्या गालाला?” मागून कोणीतरी विचारलं.

“माझ्या आईच्या,” भिंगरी म्हणाली. “एकाच. दुसरा गाल तुलनेसाठी ठेवणार.”

प्रयोगशाळेचा सगळा कारभार मामांकडे होता. मामा म्हणजे खरं तर कोणाचेच मामा नव्हेत, परीक्षानळ्या धुणारे आणि कपाटांच्या किल्ल्या कमरेला बांधून फिरणारे गृहस्थ. पण विज्ञान त्यांना पुस्तकापेक्षा जास्त कळायचं. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते दर पाच मिनिटांनी ऐकवायचे.

“बाटलीत जायच्या आधी वहीत जाणार. काय?”

“आधी वहीत,” भिंगरी म्हणायची.

“किती ग्रॅम, किती मिनिटं, कशात गाळलं. शिंकलीस तरी लिही.”

भिंगरीने सगळं लिहिलं. डाळिंबाची सालं वाळवून कुटली, ती आणि हिरव्या चहाची पानं कोमट पाण्यात रात्रभर भिजवली, आधी कापडातून गाळली, मग गाळणकागदातून, मंद आचेवर आटवली, वर थोडं ग्लिसरीन. सफरचंदाच्या दोन फोडी केल्या, एक अर्कात बुडवली, एक तशीच ठेवली. तशी ठेवलेली अर्ध्या तासात तपकिरी झाली, बुडवलेली दोन तास पांढरी राहिली. भिंगरीने प्रयोगशाळेत गिरकी घेतली.

“मामा, आईचा गाल वाचला!”

“सफरचंद वाचलं,” मामा म्हणाले. “गालाचं अजून काही कळलेलं नाही. हेही वहीत लिही.”

घरी अर्क लावायचं काम बाबांकडे आलं. त्याचं कारण असं, की सकाळी आईला दोन हात पुरत नसत. एका हाताने अंबाडा, दुसऱ्याने गणवेशाची बटणं, दातांत केसांच्या पिना, आणि पायांनी बुटांचा शोध. मग बाबा बाटलीत बोटं बुडवून तिच्यामागे घरभर फिरायचे आणि घड्याळात तेलाचा थेंब सोडावा इतक्या जपून तिच्या गालाला अर्क लावायचे. बाबांचे हातच तसे. झुरळ दिसलं तरी ते वर्तमानपत्राने त्याला हळूच दार दाखवायचे. आई म्हणायची, “घरात एक तरी मारणारं माणूस हवं होतं हो!” आणि चप्पल उचलायची.

तीन आठवडे हे चाललं. दर रविवारी भिंगरी आईच्या गालाचा फोटो काढायची. सुरकुत्या जिथल्या तिथे होत्या, एकीनेही सामान हलवलेलं नव्हतं, पण गालाला त्रास तर काही नव्हता! तेवढ्यावर भिंगरीने शाळेच्या सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर उभं राहून जाहीर केलं, “हा अर्क संपूर्णपणे निर्धोक आहे. कारण तो नैसर्गिक आहे.” टाळ्या पडल्या. चांगल्या मोठ्या पडल्या. बाईंनी प्रदर्शनात मांडायला वही ताब्यात घेतली.

तक्रार एकच होती, आणि ती आईची.

“भिंगरे, अर्क चांगलाच असणार. पण त्याला भिजलेल्या मोज्यांचा वास येतो. काल एक आजोबा बसमध्ये चढले आणि मला विचारतात, ‘बाई, गाडीत काही मेलंय का?’”

रविवारी आई कामावर आणि बाबा दुकानात असताना भिंगरीने घरातली सहा लिंबं घेतली. सालं किसली, किस थोड्या तेलात घालून चेचला, पिळला, आणि जे निघालं ते अर्काच्या नव्या भरलेल्या बाटलीत ओतलं. आहाहा! मोज्यांचा वास कुठल्या कुठे पळाला. वही बाईंच्या कपाटात होती. आणि लिंबाच्या वासात लिहिण्यासारखं असतं तरी काय? भिंगरीने झाकण लावलं आणि बाटली आरशापुढे ठेवून दिली.

सोमवारी सकाळी आईला उशीर झाला. पहिली फेरी तिची, आणि पहिल्या फेरीला उशीर म्हणजे डेपोत बोलणी. बाबांनी घाईत बाटली उघडली, हलवायची राहिली. तेल वर तरंगत होतं, त्यातच चार बोटं बुडाली. कानापासून ओठांपर्यंत चार ओढे काढून बाबा चोळणार, तेवढ्यात आई दाराबाहेर.

“अगं, डबा!” म्हणत बाबांनी मागून तिचा हात धरला, त्याच ओल्या बोटांनी. डबा तिच्या हातात कोंबला. आई जिन्यावरून धडधडत गेली. बाबांनी हात धुतले आणि दुकानाच्या सावलीत जाऊन बसले. त्या दिवशी आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

मंगळवारी आईचा गाल चुरचुरायला लागला. “खिडकीची धग,” ती म्हणाली आणि अर्क लावायचा राहू दिला. बुधवारी गाल लाल झाला, बारीक फोड आले. आणि गुरुवारी सकाळी आरशापुढे उभी राहून आईने हाक मारली, “अहो, हे बघा काय उमटलंय.”

गालावर चार पट्टे होते, गडद तपकिरी. कानाजवळ रुंद, ओठांकडे निमुळते. कोपराखाली आणखी चार, आणि पलीकडच्या बाजूला एक आखूड, जाड. आई कामावर निघून गेली. तिला वाटलं, दिसतंय चमत्कारिक, पण जाईल.

गुरुवारी डेपोत डॉक्टरीणबाई येतात. रक्तदाब, डोळे, वजन. आईची पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतलाच नाही. त्यांनी आईचा हात उलटा केला, सुलटा केला, आणि मग दार लावून घेतलं.

“घरी सगळं ठीक आहे ना?”

“ठीक म्हणजे काय, मजेत!” आई म्हणाली. “नळ गळतो तेवढा.”

“हे कशाने झालं?”

“लागलं असेल कुठेतरी.”

डॉक्टरीणबाईंनी आपली चार बोटं आईच्या गालाजवळ धरली, न टेकवता, एकेका पट्ट्यासमोर एकेक. तेव्हा कुठे आईच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि आई हसली. आईला संकटात आधी हसूच येतं, त्याला ती तरी काय करणार?

“अहो, बोटं आमच्या ह्यांचीच आहेत ती! रोज सकाळी गालाला अर्क लावून देतात मला!”

आता तुम्हीच सांगा, यावर कोण विश्वास ठेवेल? डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “असं हसून सांगणाऱ्या खूप जणी मी पाहिल्या आहेत. उद्या चार वाजता दोघंही या. दोघांशी वेगवेगळी बोलेन. पटेल असं कारण मिळालं नाही, तर मला वर लेखी कळवावं लागेल.”

हे सगळं आईने संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी सांगितलं. सांगायला सुरुवात केली तेव्हा ती हसत होती. डॉक्टरीणबाईंच्या आवाजापर्यंत आली तेव्हा हसत नव्हती.

बाबा त्याआधीच घरी आलेले होते. दुकान लवकर बंद करून. ताट समोर तसंच होतं.

“पैलवान आला होता दुकानात,” ते म्हणाले.

पैलवान म्हणजे डेपोतला आईचा सहकारी, दारातून आडवा होऊन आत येणारा. त्याच्या वडिलांचं जुनं घड्याळ बाबांकडे दुरुस्तीला होतं.

“काय म्हणाला?”

“घड्याळ परत मागितलं. म्हणाला, ‘अशा हातांनी दुरुस्त झालेलं मला नको.’” बाबांनी दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि ते दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे बघत राहिले. “अगं, मी त्या दिवशी डबा देताना फार जोरात धरलं होतं का तुला?”

“वेडे आहात का हो!” आई ओरडली. “तुम्ही? जोरात? तुमच्याने लोणच्याची बरणी उघडत नाही!”

“पण खुणा माझ्याच आहेत. भिंग लावून पाहिलं मी. अंगठासुद्धा माझाच.”

भिंगरी मधेच बोलली. “बाबा, काहीतरीच काय! तीन आठवडे तोच अर्क लावताय, कधी काही झालं का? मग अर्काने नाही, आणि तुम्हीही नाही. दुसरंच काहीतरी आहे.”

खरं सांगायचं तर लिंबू तिच्या डोक्यातही आलं नाही. लिंबाला कोण कशाला घाबरेल?

बाबांनी ताट पुढे सरकवलं. जेवले नाहीत. शुक्रवारी सकाळीही नुसता चहा घेतला, आणि तोही अर्धा. आईने सुट्टी टाकली होती. घरात कोणी कोणाला टोमणा मारत नव्हतं, इतकं ते घर बदललं होतं.

शाळेत भिंगरीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चार वाजता बाबांना एका बंद खोलीत विचारणार, तुम्ही बायकोला मारता का. तिच्या बाबांना! आणि ते ‘नाही’ म्हणायच्या ऐवजी ‘जोरात धरलं असेल का’ म्हणणार. कागदावर ते तसंच उतरणार. मग डेपोत, दुकानात, रस्त्यावर प्रत्येक माणूस आधी बाबांच्या हातांकडे बघणार.

दुपारच्या सुट्टीनंतर ती प्रयोगशाळेत चंचुपात्रं धूत होती. धुवायची म्हणून नव्हे, हातांना काहीतरी हवं म्हणून. तिने बाह्या वर सारल्या.

“हे काय?” मामांनी विचारलं.

तिच्या मनगटावर एक तपकिरी डाग होता. तिथून एक बारीक रेघ निघून कोपरापर्यंत गेली होती. मधे दोनदा वळली होती.

“मुंगी चावली असेल, मामा. सोमवारी मैदानावर होतो ना आम्ही दोन तास, तेव्हापासून खाजतंय.”

“मुंगी अशी ओघळत नाही,” मामा म्हणाले.

भिंगरीने हात वर धरला. खरंच, ती रेघ ओघळाची होती. मनगटावरून काहीतरी पातळ कोपराकडे ओघळलं होतं. रविवारी, सालं पिळताना. तिला आठवलं, ओघळ तिने झग्याला पुसला होता. आणि दुसऱ्या दिवशी ऊन!

“मामा,” ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा कॉलरमध्ये गेला. “लिंबाची साल कातडीला लागली आणि वर ऊन पडलं, तर काय होतं?”

“मला नाही माहीत. तुझ्या वहीत काय लिहिलंय?”

भिंगरीने मान खाली घातली. मामांनी तिच्याकडे बघितलं, मग हाताकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“हं,” ते म्हणाले. “म्हणजे वहीत नाही.”

“मामा, मी सभेत सगळ्यांसमोर निर्धोक म्हणाले. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. सोमवारी प्रदर्शन आहे.”

“असेल.”

“बाबा चार वाजता...”

“किती वाजलेत?”

साडेतीनला पाच मिनिटं होती. भिंगरीने दप्तर तिथेच टाकलं. मामांनी मागचं फाटक उघडून दिलं, पुढच्या फाटकाला पास लागतो ना! ती सुटली. आधी घरी, आरशापुढची बाटली. मग डेपो. रस्त्यात एक सायकलवाला तिला म्हणाला, “अगं, जीव द्यायचाय का?” आणि ती ओरडली, “नाही हो, वाचवायचाय!”

डेपोतल्या दवाखान्याबाहेर आई बाकावर बसली होती. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळून सोडत, पुन्हा गुंडाळत.

“तू इथे कशी? शाळा?”

“बाबा आत आहेत?”

“आत्ताच बोलावलं.”

भिंगरी दाराशी पोचली आणि तिचा हात कडीवरच थांबला. आतून बाबांचा आवाज येत होता.

“ही बोटं तुमची आहेत?” डॉक्टरीणबाई विचारत होत्या.

“हो. माझीच आहेत.”

“तुम्ही तिला मारलंत?”

“नाही. पण मला कळत नाहीये, बाई. खुणा माझ्या आहेत आणि मला काहीच आठवत नाही. कदाचित नकळत...”

भिंगरीने दार ढकललं. टकटक वगैरे काही नाही.

“लिंबू!” ती ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मागून आई आत शिरली.

“मी घातलं. रविवारी. वासासाठी,” भिंगरी एका दमात म्हणाली. “सहा लिंबांची सालं, तेलात पिळून. वहीत लिहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही. बाबांनी सोमवारी तेच लावलं. वर तेल तरंगत होतं, बोटांना तेच लागलं. त्याच बोटांनी आईचा हात धरला, डबा द्यायला. हे बघा, माझ्यावरही ओघळलंय! मला तर कोणी मारलेलं नाही ना? ओघळ कोणी मारत नाही!”

तिने कोपरापर्यंत हात डॉक्टरीणबाईंच्या नाकासमोर नेला. दुसऱ्या हातातली बाटली टेबलावर आपटली.

डॉक्टरीणबाईंनी आधी बाटली उघडून वास घेतला. मग दिवा ओढून भिंगरीचं मनगट निरखलं, कोपरापर्यंतची वळणं निरखली. आईला बोलावून तिचा गाल पुन्हा पाहिला, हात पाहिला, फोड सुकल्याच्या जागा पाहिल्या.

“सोमवारी ऊन होतं?”

“कडक,” तिघंही एकदम म्हणाली.

“आणि जळजळ मंगळवारपासून. काळं पडलं गुरुवारी.” डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. चष्मा काढला. इतका वेळ ताठ असलेले त्यांचे खांदे खाली आले. “अरे देवा. लिंबू! आणि मी काल रात्रभर तळमळतेय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. लिंबाच्या सालीत असं काही असतं की ते कातडीला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजते. नुसतं लिंबू काही करत नाही, नुसतं ऊनही इतकं करत नाही, दोघं भेटले की भाजतं. जिथे जसं लागलं असेल तिथे तसंच उमटतं. बोट तर बोट, ओघळ तर ओघळ. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

“मग ह्यांच्या हाताला काही कसं नाही?” आईने विचारलं.

“हात धुतले असतील. आणि दिवसभर?”

“दुकानात,” बाबा म्हणाले. “सावलीत.”

“झालं तर. तुम्ही ऊन पाहिलंच नाही.”

“पण डाग जाईल ना?” हे भिंगरीने विचारलं, आणि तिचे डोळे आता खरंच भरून आले होते.

“जाईल. आठवडे लागतील, कदाचित दोनेक महिने. त्याला ऊन लागू द्यायचं नाही, आणि लिंबू तर त्याच्या आसपाससुद्धा नाही.”

“आणि... डाळिंब आणि चहा?”

डॉक्टरीणबाई हसल्या. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

“त्यांच्यावर मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं काम करताहेत. कल्पना तुझी वाईट नव्हती. पण ते सनस्क्रीनच्या जागी नाही, फार तर जोडीला. आणि एक लक्षात ठेव, सगळ्याच झाडांना आपल्या गालांची काळजी नसते. नैसर्गिक आहे म्हणजे बिनधास्त, असं कोणी सांगितलं तुला?”

“मीच,” भिंगरी म्हणाली. “सगळ्या शाळेला.”

“मग आता तूच सगळ्या शाळेला दुसरं सांग.”

भिंगरीने मान हलवली. सोमवारी टेबलावर बाटलीशेजारी आपला हात ठेवायचा, बाही वर करून, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वहीत सहा लिंबंही लिहायची, शाई वेगळी दिसली तरी. बक्षीस गेलं तर गेलं. आश्चर्य म्हणजे ते गेल्याचं तिला काहीच वाटेना. छातीवरचा एवढा मोठा धोंडा उतरल्यावर बक्षीस कुठे ठेवायचं!

“सहा लिंबं,” आई मधेच म्हणाली. “आणि मी सोमवारी शेजारणीवर लिंबं नेल्याचा आळ घेतला!”

बाबा अजून उभे होते. त्यांनी डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला.

“बाई, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.”

“तुम्हाला फार त्रास झाला.”

“झाला. पण विचारलं नसतंत, आणि खरंच तसलं काही असतं, तर?” बाबांनी आईकडे बघितलं. “विचारत जा. सगळ्यांना विचारत जा.”

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला आणि त्यांच्यादेखत लिहिलं, मोठ्याने वाचत: ‘लिंबाच्या सालीचा रस आणि ऊन यांमुळे भाजल्याच्या खुणा. मारहाणीचा प्रश्न नाही.’ शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. आईच्या हातात सनस्क्रीनची ट्यूब दिली. “पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, आणि हे दोन-दोन तासांनी.”

“चिकट असतं हो ते.”

“मोज्यांचा वास येत नाही ना? मग लावायचं.”

बाहेर पैलवान बसच्या पुढे उभा होता. त्याला बातमी कशी पोचली कोण जाणे, डेपोत भिंतींनाच चाकं असावीत. तो बाबांसमोर आला, दोन मिनिटं आपल्या बुटांकडे बघितलं, आणि खिशातून घड्याळ काढलं.

“ते... मागे पडतंय,” तो म्हणाला.

बाबांनी तळहात पुढे केला. पैलवानाने घड्याळ त्यावर ठेवलं, आणि मग आपल्या दोन्ही पंजांत बाबांचा हात घट्ट धरला.

“अहो पैलवान, हळू!” आई ओरडली. “आता त्यांच्या हातावर वळ उठले तर मी डॉक्टरीणबाईंना काय सांगू?”

पैलवान इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. की आधीच आलं होतं, ते हसण्यात लपवलं. काहीही असो.

आईने सुट्टी रद्द केली आणि पाचची फेरी मागून घेतली. “घरी बसून आरसा बघत राहू का?” म्हणाली. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीतला आपला लांब बाह्यांचा सदरा चढवला, गालावर ट्यूब थापली, आणि अठरा वर्षांची आपली जागा घेतली. भिंगरी आणि बाबा मागून दुसऱ्या बाकावर बसले. बस भरली. रस्त्याला लागली.

“बाबा,” भिंगरी म्हणाली, “तुम्ही माझ्यावर रागावलात?”

उत्तर आलं नाही. तिने वळून बघितलं. बाबांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं, घड्याळ मुठीत धरून ठेवलेलं. ते झोपले होते. नुसते डुलक्या घेत नव्हते, गाढ झोपले होते, आदल्या रात्रीची राहिलेली सगळी झोप एकदम.

घराजवळचा थांबा आला. आईने वरच्या आरशातून भिंगरीकडे बघितलं आणि भुवई उंचावली. उठवतेस?

भिंगरीने मान हलवून नाही म्हटलं.

आईने दार बंद केलं आणि बस पुढे काढली. पुढच्या वळणावर रस्ता खोदलेला होता. एरवी आई तिथून अशी जायची की मागच्या बाकावरचे छताला भेटून यायचे. आज तिने वेग इतका कमी केला की शेजारून एक बाई लहान मुलाला चालायला शिकवत पुढे निघून गेली.

“ओ बाई!” मागून एक प्रवासी कावला. “बस चालवताय की पाळणा हलवताय?”

“पाळणा!” आई मागे न बघता म्हणाली. “घाई असेल त्यांनी उतरून ढकलायला लागा. आणि हळू बोला जरा, माणूस झोपलंय.”